पूर्णगडावर राजवाडा शोधू नये

पूर्णगड पाहून आलेल्यांचा अभिप्राय बहुधा ठरलेला असतो : गड लहान, आत पाहण्यासारखे फारसे काही नाही. आपल्या दुर्गविषयक लेखनातही हाच सूर उमटतो. राजसदर, राणीवसा सापडला की किल्ल्याला महत्त्व येते. न सापडल्यास चार ओळींत त्याची बोळवण होते. ही मोजपट्टी मुळात राजवाड्याची आहे.

राजवाडा सत्ता मिरवतो, किल्ला ती राखतो. राजवाड्याचे दार दुरून नजरेत भरावे अशी योजना असते. उलट, रायगड किंवा सिंधुदुर्गाचा महादरवाजा बुरुजांच्या कवेत असा दडवला आहे की शत्रूला तो अगदी जवळ येईपर्यंत दिसू नये. वाड्याची थोरवी आतल्या दालनांत असते. किल्ल्याची थोरवी तो बाहेर कशावर नजर ठेवतो यात. मुचकुंदीच्या मुखावरच्या टेकडीवर उभा असलेला पूर्णगड या कसोटीवर कुठेही उणा ठरत नाही. समुद्रातून खाडीत शिरणारे गलबत त्याच्या तटावरून दिसणारच.

दोन्ही वास्तू एकत्र नांदतात, हे खरे. रायगडावर राजवाडा गडाच्या पोटात आहे. पुण्याच्या शनिवारवाड्याने तर पाच दरवाजे आणि नऊ बुरुजांचा तट अंगावर घेतला. १८२८च्या आगीत आतला महाल जळून गेला; उरला तो दगडी तट. म्हणजे आज आपण वाडा म्हणून पाहतो, तो बव्हंशी त्यातला किल्लाच.

याची दुसरी बाजू रत्नागिरीतच दिसते. ब्रह्मदेशाचा राजा थिबा १८८५मध्ये पदच्युत झाला आणि पुढच्या वर्षी त्याला रत्नागिरीत आणून ठेवले. १९१०मध्ये इंग्रज सरकारने त्याच्यासाठी जांभ्या दगडाचा तीन मजली राजवाडा उभारला. अर्धवर्तुळाकार खिडक्या, लाकडी कोरीवकाम, समोर समुद्र. फक्त राज्य तेवढे नव्हते. १९१६मध्ये तो तिथेच वारला. सत्तेवाचून उरलेल्या वैभवाचे याहून बोलके उदाहरण आपल्याकडे विरळाच.

थिबाच्या वाड्यात ऐश्वर्य आहे, पण राजाला मोकळीक नव्हती. पूर्णगडात ऐश्वर्य नाही, पण खाडीची राखण होती. म्हणून त्याच्याविषयी लिहिताना दालने मोजत बसू नये. कोणती वाट तो अडवत होता, पाणी कुठून येत होते, शिबंदी कुठे राहत होती, समुद्राकडचा दरवाजा कशासाठी होता, हे विचारावे. असे प्रश्न घेऊन चढले, तर लहान गडही चार ओळींत आटोपत नाही.