दलित लेखिकांची जागा : डिलाईल रोडवरून एक वाचन

दलित साहित्याची कृष्णवर्णीय साहित्याशी तुलना करायची म्हटलं की आपले अभ्यासक १९७२च्या दलित पँथरपासून सुरुवात करतात, नावातलं साम्य सांगतात आणि ढसाळ, बागूल, दया पवार यांच्याकडे वळतात. या तुलनेत बाया जवळजवळ नसतातच. माझा आक्षेप इथे आहे.

१९७१ साली न्यूयॉर्कमध्ये डिंडगा मॅकॅनन, के ब्राउन, फेथ रिंगगोल्ड या कृष्णवर्णीय चित्रकर्ती एकत्र आल्या आणि ‘व्हेअर वी ॲट’ हा गट उभा राहिला. पहिली बैठक मॅकॅनन यांच्या ब्रुकलिनमधल्या घरी झाली. कृष्णवर्णीयांच्या कलाचळवळीत पुरुष पुढे, स्त्रीवादी चळवळीत गोऱ्या बाया पुढे; आपली चित्रं टांगायची कुठे? मुंबईत हिरा बनसोडे, उर्मिला पवार प्रभृतींनी ‘संवादिनी’ हा दलित स्त्री साहित्य मंच चालवला, त्यामागेही हाच पेच होता. समीक्षेने मात्र त्यांची पुस्तकं सुटी सुटी वाचली. मंच चरित्रटिपणात एका ओळीपुरता उरला.

लेखिकेला स्वतःची खोली हवी, हे व्हर्जिनिया वुल्फ यांनी १९२९ साली सांगितलं. आमच्या डिलाईल रोडच्या बीडीडी चाळीही त्याच दशकातल्या. १६० चौरस फुटांची खोली, संडास मजल्यावर सामायिक. इथे वुल्फबाईंचं माप लावलं तर एकही बाई लेखिका ठरू नये. बेबी कांबळे यांनी फलटणला दुकानात बसून, घरच्यांपासून वह्या लपवून लिहिलं. वह्या कित्येक वर्षं तशाच राहिल्या. मॅक्सीन बर्नसन यांनी त्या वाचल्या, प्रोत्साहन दिलं, आणि १९८६ साली ‘जिणं आमुचं’ पुस्तकरूपाने आलं. म्हणजे कोपरा तिने चोरून मिळवला होता. खोळंबा झाला तो वाचणारं माणूस नसल्यामुळे.

या दृष्टीने मला उर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांचं ‘आम्हीही इतिहास घडवला’ (१९८९) सर्वांत महत्त्वाचं वाटतं. आंबेडकरी चळवळीतल्या बायांना गाठून, त्यांच्याशी बोलून हे पुस्तक झालं. इतिहासकार त्याला साधन मानतात. १९४२च्या नागपूरच्या महिला परिषदेची माहिती हवी की ते उघडतात. पूर्वार्ध काहीसा अहवालासारखा आहे, हे मान्य. पण उत्तरार्धातल्या मुलाखती मी साहित्य म्हणूनच वाचते. मोर्चा, धर्मांतर, शाळा, सासर हे सगळं त्यांत एका दमात येतं, कारण समोर ऐकणारी आपल्यातली आहे. ‘आयदान’चा (२००३) सैल, गप्पांसारखा विणकाम करत जाणारा घाट मला इथूनच आलेला दिसतो. त्याला विस्कळीत म्हणणाऱ्यांनी हे दुसरं पुस्तक आधी वाचायला हवं होतं. (मी विद्यापीठातली नव्हे, त्यामुळे हे म्हणायला मला मार्गदर्शकाची परवानगी लागत नाही.)

आता चाळींचा पुनर्विकास चालू आहे. ५०० चौरस फुटांचं घर हा रहिवाशांचा हक्कच आहे. चाळीचे उमाळे काढणाऱ्यांनी तिथल्या संडासाच्या रांगेत उभं राहून पाहावं. पण व्हरांड्यात, मैदानाच्या कडेला बायांची जी बैठक फुकट जमायची, तिला टॉवरमध्ये सोसायटीचा हॉल भाड्याने घ्यावा लागेल. प्रत्येक इमारतीत बायांच्या वाचन-लेखनासाठी एक बिनभाड्याची खोली राखावी, ही मागणी साहित्य संस्थांनी करायला हवी. आणि ती चाव्या वाटून होण्याआधी करायला हवी.