शिखरपातळी आणि श्राव्यता : एका ध्वनिमुद्रणाचे दोन पाठ

ध्वनिमुद्रित संगीताची समीक्षा करताना आपण रचना, वादन, गायन व शब्द यांचा परामर्श घेतो. परंतु मुद्रण श्रोत्याच्या हाती पडण्यापूर्वी त्यावर जो अखेरचा संस्कार होतो, त्या मास्टरिंगचा विचार तंत्रज्ञांकडे सोपवून मोकळे होतो. ही वाटणी कितपत टिकण्यासारखी आहे, हे प्रस्तुत लेखात एका उदाहरणाच्या आधारे पाहावयाचे आहे. मेटॅलिका या अमेरिकन वाद्यवृंदाची सप्टेंबर 2008 मध्ये प्रसिद्ध झालेली 'डेथ मॅग्नेटिक' ही ध्वनिमुद्रिका, हे ते उदाहरण होय.

प्रथम शिखरपातळीची कल्पना स्पष्ट केली पाहिजे. 1982 साली बाजारात आलेल्या सीडीवर दर सेकंदास 44,100 नमुने नोंदलेले असतात, आणि प्रत्येक नमुन्यास 16 बिटांची, म्हणजे 65,536 पायऱ्यांची जागा असते. सर्वांत वरच्या पायरीस शून्य डेसिबेल म्हणतात. तिच्यावर काहीही लिहिता येत नाही. तिच्या खाली मात्र सुमारे 96 डेसिबेलचा आवाका मोकळा असतो. आता एखाद्या मुद्रणाचे शिखर शून्यास टेकले, एवढ्यावरून ते किती मोठे ऐकू येईल हे सांगता येत नाही. शिखर हा क्षणाचा धर्म आहे. कानास जाणवणारा मोठेपणा मुख्यतः काही काळातील सरासरी ऊर्जेवर अवलंबून असतो. ड्रमवरील आघात क्षणार्धात शिखर गाठून विरतो. संथ वाजणारा ऑर्गन त्याहून पुष्कळ खाली राहूनही तितकाच मोठा वाटू शकतो.

शिखर व सरासरी यांमधील हे अंतर म्हणजेच लिमिटरचे कार्यक्षेत्र. डिजिटल लिमिटर येणारे शिखर काही सहस्रांश सेकंद आधी ओळखतो, तेवढ्या क्षणापुरता आवाज दाबतो, आणि अशा रीतीने मोकळ्या झालेल्या जागेत सबंध मुद्रण वर उचलता येते. 1994 साली आलेल्या वेव्हज कंपनीच्या 'एल-1' या साधनाने ही क्रिया अत्यंत सुलभ केली. तिच्या मोहाचे मूळ आपल्या श्रवणेंद्रियातच आहे. फ्लेचर व मन्सन यांनी 1933 साली दाखविल्याप्रमाणे, आवाज लहान असता खालचे स्वर कानास विशेष क्षीण भासतात. म्हणून एकच मुद्रण किंचित मोठ्याने ऐकविले तर ते अधिक भरदार वाटते, आणि घाईने निवड करणारा श्रोता त्यालाच सरस ठरवितो. निर्मात्यांची चढाओढ या एका दुबळेपणावर पोसली गेली.

'डेथ मॅग्नेटिक'च्या बाबतीत एक अपूर्व योग घडून आला. तीच गीते 'गिटार हीरो' या व्हिडिओ-खेळासाठीही दिली गेली. खेळास प्रत्येक वाद्याचे मुद्रण स्वतंत्र लागत असल्याने, तेथे अखेरच्या दडपणापूर्वीचा, तुलनेने मोकळा ध्वनी पोचला. श्रोत्यांनी दोन्ही रूपे शेजारीशेजारी ठेवून ऐकली, आणि सीडीवरील ध्वनी फाटलेला असल्याची तक्रार करून फेरमास्टरिंगची मागणी केली. त्या निवेदनावर दहा हजारांहून अधिक सह्या झाल्या. मास्टरिंग करणारे टेड जेन्सन यांनी, आपल्याकडे आलेली मिश्रणेच आधी दाबलेली होती, असे म्हटल्याचे त्या वेळी प्रसिद्ध झाले. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये गन्स एन' रोझेसची 'चायनीज डेमोक्रसी' आली. तिचे मास्टरिंग करणाऱ्या बॉब लडविग यांनी तीन रूपे पुढे ठेवली असता वाद्यवृंदाने सर्वांत मोकळे रूप पसंत केले. तेव्हा दोष माध्यमाच्या माथी मारता येत नाही. तो निवडीचा प्रश्न होता.

येथे एक आक्षेप संभवतो. रॉक संगीताला ध्वनीची विकृती वर्ज्य नाही; किंबहुना विकृत गिटार हा त्याचा प्राण आहे. मग सीडीवरील फाटलेपणाच तेवढा सदोष का मानावा? याचे उत्तर असे की, गिटारवादकाने निवडलेली विकृती एका वाद्याचा वर्ण ठरविते, व इतर वाद्यांच्या पार्श्वभूमीवर ती उठून दिसते. शून्याच्या छतावर आपटून निर्माण झालेली विकृती मात्र गिटार, ड्रम व गायन यांवर सारखीच पसरते. 'द डे दॅट नेव्हर कम्स' हे गीत घ्या. संथ, स्वच्छ गिटारने सुरू होऊन ते द्रुत व प्रचंड अखेरीकडे जाते. हा आरोह हीच त्याची रचना. सीडीवर अखेरीस वर चढण्यास जागाच उरत नाही. ड्रमचा आघात आपली धार हरवून एका बोथट चटक्याएवढाच राहतो. येथे हानी रचनेची आहे, आणि म्हणूनच तो समीक्षेचा विषय आहे.

शिखरांचे हे गणित स्वतःच्या कसोटीसही पुरते उतरत नाही. नमुने म्हणजे तरंगावरील ठराविक बिंदू. पुन्हा जोडला जाणारा तरंग त्या बिंदूंच्या मधोमध त्यांच्याहून वर जाऊ शकतो. नमुनावेगाच्या चतुर्थांश वारंवारतेचा शुद्ध स्वर 45 अंशांच्या कलेने नोंदला, तर त्याचे खरे शिखर नमुन्यांहून सुमारे 3 डेसिबेलने उंच असते. मापकावर शून्य दाखविणारे मुद्रण अशा रीतीने श्रोत्याच्या यंत्रात पुन्हा फाटते. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या 2006 च्या शिफारशीने श्राव्यता व खरे शिखर या दोहोंच्या मापनाची पद्धती घालून दिली; तिच्या आधारे युरोपीय प्रक्षेपण संघाने 2010 साली उणे 23 एलयूएफएस ही सरासरी व उणे 1 डेसिबेल हे खऱ्या शिखराचे कमाल मान ठरविले. आज स्पॉटिफाय आपल्या सामान्य मांडणीत मुद्रणे उणे 14 एलयूएफएसच्या आसपास आणून वाजविते. परिणामी दाबून मोठे केलेले मुद्रण तेथे खाली उतरविले जाते. मिळविलेला मोठेपणा जातो, गमावलेले आघात मात्र परत येत नाहीत.

हस्तलिखितांचा अभ्यासक पाठभेद नोंदविल्यावाचून अर्थनिर्णय करीत नाही. ध्वनिमुद्रणाच्या समीक्षकानेही आपण कोणत्या वर्षीचे व कोणत्या माध्यमातील मास्टर ऐकले हे सांगावे, आणि दोन पाठांची तुलना करण्यापूर्वी त्यांची श्राव्यता समान करून घ्यावी. एरवी 'भरदार' या विशेषणाने तो ज्याचा गौरव करील, ती पुष्कळदा केवळ दोन-तीन डेसिबेलची वाढ असेल.