भिंतीवरची कुऱ्हाड

जुन्या कुऱ्हाडी हुडकायच्या, त्यांना नवे रूप द्यायचे आणि मांडून ठेवायच्या, हा छंद अलीकडे वाढतो आहे. अमेरिकेत व युरोपात तो चांगलाच रुजला आहे. भंगारातून पाते आणायचे, व्हिनेगरमध्ये बुडवून गंज काढायचा, नवा दांडा बसवायचा, त्यावर जवसाचे तेल चोळायचे, असा त्याचा विधी आहे. कनेक्टिकटमधील कॉलिन्स कंपनी १८२६ मध्ये सुरू झाली. तिच्या कुऱ्हाडी आणि कोयते जगभर गेले. १९६६ मध्ये कंपनी बंद पडली, आणि आता तिचा शिक्का असलेले पाते शौकीन लोक हौसेने विकत घेतात. आपल्याकडे खास कुऱ्हाडींचे शौकीन अजून थोडे आहेत. पण जाते, उखळ, कंदील, बैलगाडीचे चाक शेतघराच्या ओसरीवर मांडणारी अभिरुची मुंबई-पुण्याहून कोकणात केव्हाच येऊन पोचली आहे. कुऱ्हाड त्या रांगेत असणारच.

या छंदाला नुसते हसून चालणार नाही. जो माणूस स्वतःच्या हाताने कुऱ्हाड घासतो, त्याला एक गोष्ट कळते. मऊ लोखंडाच्या अंगाला पोलादाची धार जोडणे, तिला पाणी देणे, दांडा हलणार नाही असा ठोकणे, याला बुद्धी लागते. श्रम म्हणजे बिनडोक मेहनत, हा पांढरपेशा समज त्यामुळे थोडा तरी ढळतो. परंतु हीच बुद्धी रस्त्याकडेला भाता पेटवून बसलेल्या घिसाड्याजवळ आहे. त्याची बायको समोर उभी राहून घण मारते. सरकारदरबारी त्यांची नोंद भटकी जमात म्हणून आहे. पाते कौतुकाने हातात घेणारा संग्राहक ते घडवणाऱ्याचे पाल कुठे पडले आहे, हे विचारतो काय?

संग्रहाचे एक राजकारण असते. काय जपायचे आणि काय विसरायचे, हे संग्रह ठरवतो. पुण्यात कवी ‘अज्ञातवासी’ म्हणजे दिनकर केळकर यांनी आयुष्य वेचून दैनंदिन वापराच्या वस्तू जमवल्या. दिवे, अडकित्ते, कोरीव दारे यांसाठी त्यांचे संग्रहालय प्रसिद्ध आहे. राजेरजवाड्यांच्या तलवारींपलीकडे घरातल्या वस्तूला मान मिळाला, हे त्यांचे मोठे काम होय. तरीही अडकित्ता प्रथम आठवण करून देतो ती सुपारी खाणाऱ्याची. सरपणाची मोळी आणणारी बाई तेथून दूरच राहते. कुऱ्हाड संग्रहात आली म्हणजे हे अंतर मिटेल, असे कुणाला वाटेल. माझे म्हणणे असे की, अंतर मिटत नाही, ते फक्त चकचकीत होते.

हे समजण्यासाठी पेण आणि रोहा या तालुक्यांत यावे. येथील कातकऱ्याच्या नावातच त्याचा धंदा आहे. खैराच्या गाभ्याचे तुकडे उकळून कात काढणारा तो कातकरी. इंग्रजांनी १८७८ च्या कायद्याने जंगलावरची पकड घट्ट केली आणि हा धंदा त्याच्या हातून निसटत गेला. पुढे तो ठेकेदाराच्या कोळसाभट्टीवर गेला. पावसाळा सरला की उचल घेऊन कुटुंबेच्या कुटुंबे वाडी सोडतात, कोळशाच्या नाहीतर विटांच्या भट्टीवर राबतात आणि उचल फेडता फेडता हंगाम संपवतात. वेठबिगारी बंद करणारा कायदा १९७६ चा आहे. उचलीचा फास मात्र अजून सुटलेला नाही.

आता कुऱ्हाड कायद्याला कशी दिसते ते पाहा. १९२७ च्या भारतीय वन कायद्याचे ५२ वे कलम सांगते की, वनगुन्हा घडला असे मानण्यास कारण असेल तर लाकडाबरोबर हत्यारे, होड्या, गाड्या, गुरेही जप्त करता येतात. म्हणजे ज्या कुऱ्हाडीवर घर चालते तीच मुद्देमाल होते. पंचनाम्यात तिचे वर्णन होते. छांदिष्टाच्या नोंदवहीतही वर्णनच होते. पात्याची लांबी, दांड्याचे लाकूड, किती जुनी, किती झिजलेली. दोन्ही कागद कुऱ्हाड बारकाईने पाहतात. फरक एवढाच की एका कागदावर माणूस मुळीच नसतो, आणि दुसऱ्यावर असतो तो आरोपी म्हणून.

या जिल्ह्याने कुऱ्हाडीचे दुसरे रूपही पाहिले आहे. २५ सप्टेंबर १९३० रोजी उरणजवळच्या चिरनेर येथे जंगल सत्याग्रह झाला. ज्या झाडाला हात लावायची बंदी ते तोडायचे, हाच त्या लढ्याचा अर्थ होता. गोळीबार झाला. हुतात्म्यांत नाग्या महादू कातकरी होता. त्या दिवशी लाकूड तोडणे देशभक्ती ठरली. मग त्याच्याच भाईबंदाने चुलीसाठी लाकूड तोडले तर तो चोर कसा? स्मारकावर नाव कोरले जाते आणि वाडीवर धाड पडते, या विसंगतीची लाज आम्हाला वाटत नाही.

कोकणाला परशुरामभूमी म्हणतात. देवाच्या हातातली कुऱ्हाड पूजनीय आणि कातकऱ्याच्या हातातली संशयास्पद, अशी ही संस्कृती आहे. जोतीराव फुल्यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’त परशुरामालाच जाब विचारला होता. तो जाब अजून शिल्लक आहे.

‘कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ’, अशी आपली म्हण. ती मला नेहमी अपुरी वाटते. दांडा लाकडाचा म्हणून दोष लाकडाला, पण कुऱ्हाड चालवायला लावणारा कोण, हे म्हण विचारतच नाही. मुंबईच्या चुलींसाठी येथले जंगल कोळसा होऊन गेले. नफा ठेकेदाराचा, ऊब शहराची, आणि जंगल बुडवल्याचा ठपका भट्टीवर राबणाऱ्या कातकऱ्यावर. तोच या व्यवस्थेने केलेला दांडा.

म्हणून संग्राहकांना सांगणे आहे, कुऱ्हाड जरूर जपा. पण तिच्याखाली ‘जुने अवजार’ एवढेच लिहू नका. ती कोणाच्या हातात होती, कोणत्या झाडावर, कोणाच्या चुलीसाठी, किती उचलीवर चालली, तेही लिहा. पेण-रोह्याच्या शिक्षकांनी आणि विद्यार्थ्यांनी वाड्यांवर जाऊन म्हाताऱ्यांकडून हे लिहून घ्यावे. त्याहून मोठे काम कार्यकर्त्यांचे आहे. २००६ च्या वनहक्क कायद्याने जंगलावरचा आदिवासींचा हक्क मान्य केला. तरी कितीतरी कातकरी वाड्यांच्या पायाखालची जमीन आजही दुसऱ्याच्या नावावर आहे.

गंज लोखंडावरचा काढता येतो, त्याला एक रात्र पुरते. दीडशे वर्षांचा गंज कायद्यावर आणि मनावर आहे. तो घासायला कोण बसणार?