‘अन्याय’ या शब्दाचा अर्थ : ‘डेड स्टेट’ या खेळावरील खेळाडूंचे अभिप्राय

संगणकावरील खेळांच्या समीक्षेस आरंभीच जो पेच पडतो तो प्रमाणांविषयीचा होय. नाटकाचा प्रेक्षक नाटक पाहतो. खेळाचा खेळाडू तो पाहतोही आणि घडवितोही. त्यामुळे त्याचा अभिप्राय हा एकाच वेळी कलाकृतीविषयीचा निर्णय असतो व स्वतःच्या कृतीविषयीचा कबुलीजबाबही असतो. हे दोन अंश निराळे न करता अभिप्रायांची गोळाबेरीज केली, तर लोकप्रियतेचे माप तेवढे मिळते. गुणावगुणांचा बोध होत नाही. खेळाडूंच्या टीकेत वारंवार आढळणारा ‘अनफेअर’ हा इंग्रजी शब्द, म्हणजे आपला ‘अन्याय’, या दृष्टीने तपासून पाहण्याजोगा आहे.

‘डेड स्टेट’ हा अमेरिकेतील ‘डबलबेअर प्रॉडक्शन्स’ या छोट्या, स्वतंत्र संस्थेचा खेळ. ब्रायन मित्सोडा हे त्याचे प्रमुख रचनाकार. २०१२ साली लोकवर्गणीतून त्यास तीन लाख डॉलरांहून अधिक रक्कम मिळाली. टेक्सास राज्यातील एका गावी, एका शाळेच्या इमारतीत, काही माणसे आश्रयास राहिली आहेत. बाहेर मेलेली माणसे उठून हिंडत आहेत. (अशा प्रेतास हल्ली मराठीत ‘झोंबी’ म्हणतात. झटापट या अर्थाचा आपला जुना शब्द आणि हा आगंतुक शब्द यांचे रूप एकच व्हावे, हा केवळ योगायोग.) खेळाडू हा या आश्रितांचा पुढारी. त्याने लहानशी तुकडी घेऊन अन्न, औषधे व इंधन शोधून आणावयाचे, कुंपण दुरुस्त ठेवावयाचे, आश्रितांचे मनोधैर्य राखावयाचे आणि त्यांच्यातील तंटे मिटवावयाचे. लढाई पाळीपाळीने होते. बंदूक झाडली की तिच्या आवाजाने आणखी प्रेते ओढली जातात. प्रेताच्या हल्ल्यात रोगाची लागण झालेल्या सोबत्यास प्रतिजैविक औषध पुरवीत राहिल्यासच तो जगतो.

अभिप्राय वाचण्यापूर्वी पाठनिश्चिती आवश्यक आहे. हा खेळ २०१४ च्या फेब्रुवारीत अपुऱ्या, चाचणीच्या स्वरूपात विक्रीस आला. त्याच वर्षीच्या डिसेंबरात पूर्ण झाला. आणि २०१५ साली ‘रीॲनिमेटेड’ या नावाने त्याची सुधारलेली आवृत्ती निघाली. म्हणजे एकाच नावाखाली तीन पाठ आहेत. एकनाथांनी शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली. त्यापूर्वीच्या प्रतीतील अपपाठाचा दोष कोणी ज्ञानेश्वरांच्या माथी मारीत नाही. येथे मात्र पहिल्या पाठावरील आक्षेप तिसऱ्या पाठास सर्रास चिकटविले जातात. शत्रूची पाळी संपता संपत नाही, कार्यक्रमात चुका फार आहेत, या तक्रारी खऱ्या आहेत. परंतु त्या कोणत्या पाठाविषयी आहेत हे कळल्यावाचून त्यांस किंमत नाही.

या तक्रारी बाजूस ठेवल्या म्हणजे दोन महत्त्वाचे वर्ग उरतात. एक स्तुतीचा : शाळेतील माणसांचे स्वभाव, त्यांचे संवाद आणि आणीबाणीच्या प्रसंगी त्यांच्यात होणारे वाद खेळाडूंस भावले आहेत. दुसरा गाऱ्हाण्याचा, आणि त्याच्या मध्यभागी आहे सोबत्याचा मृत्यू.

या मृत्यूविषयी बोलताना खेळाडू जी वाक्यरचना योजतो ती मोठी बोलकी असते. मराठीत तिची तीन रूपे मांडता येतील : ‘मी माणूस गमावला’, ‘माणूस गेला’ आणि ‘खेळाने माणूस मारला’. घटना तीच, परंतु कर्ता बदलला आहे. पहिल्या वाक्यात खेळाडू स्वतः कर्तेपण पत्करतो. दुसऱ्यात ते कोणाकडेच नाही. अकर्मक क्रियापद दैवाची जागा घेते. तिसऱ्यात ते रचनाकाराकडे जाते. ‘अन्याय’ हा शब्द या तिसऱ्या वाक्याचा सोबती आहे. पहिल्याशी त्याचे जुळत नाही. तेथे ‘कठीण’ हा शब्द येतो, आणि तो पुष्कळदा कौतुकाचा असतो. तेव्हा ‘अन्याय’ म्हणजे ‘कठीणपणाचा अतिरेक’ असा जो अर्थ सामान्यतः केला जातो तो चुकीचा आहे. हे दोन शब्द एकाच मोजपट्टीवरील दोन खुणा नाहीत. पहिला हानीची मात्रा सांगतो, दुसरा हानीच्या कारणाचा हिशेब मागतो.

हा भेद दुसऱ्या एका खेळाने अधिक स्पष्ट होतो. स्पेनमधील ‘न्युमँटियन गेम्स’ या संस्थेचा ‘दे आर बिलियन्स’ (चाचणी २०१७, पूर्ण २०१९) हा तुकडीचा नव्हे, वसाहत राखण्याचा खेळ आहे. त्यात एक प्रेत तटाच्या आत शिरून एका घराला भिडले, तर त्या घरातील माणसे प्रेते होऊन शेजारच्या घरांवर पडतात, आणि बघता बघता वसाहत बुडते. मागील स्थितीवर हवे तेव्हा परतण्याची सोयही त्यात ठेवलेली नाही. तासांची मेहनत क्षणात जाते म्हणून खेळाडू हळहळतात, रागावतातही; परंतु कोणत्या बाजूचा तट उघडा राहिला हे त्यांस डोळ्यांनी दिसलेले असते. त्यामुळे हानी प्रचंड असूनही वाक्य बहुधा पहिल्या रूपाचे राहते.

कारणाचा हिशेब जेथे आकड्यांनी दिला जातो तेथे प्रश्न आणखी सूक्ष्म होतो. पाळीपाळीच्या लढायांत नेम लागण्याची शक्यता टक्क्यांत दाखविण्याची रूढी आहे. गणिताने नव्वद टक्के म्हणजे दहांत एकदा चूक. परंतु बोलण्यात नव्वद टक्के म्हणजे ‘जवळजवळ खात्री’. आपल्याकडे ‘पंधरा आणे काम झाले’ असे म्हणणारा माणूस उरलेल्या आण्याचा हिशेब मनात धरीत नाही. जपानी ‘फायर एम्ब्लेम’ या मालिकेच्या कर्त्यांनी हे ओळखले. २००२ सालच्या खेळापासून त्यांनी एकाऐवजी दोन यादृच्छिक संख्यांची सरासरी घेण्यास आरंभ केला. त्यायोगे पडद्यावरील नव्वद टक्के प्रत्यक्षात सुमारे अठ्ठ्याण्णव होतात. म्हणजे आकडा गणिताने खोटा ठरला आणि भाषाव्यवहारात खरा झाला. काटेकोर आकडा दाखविणाऱ्या खेळावर अन्यायाचा आरोप यावा व मवाळ असत्य सांगणाऱ्यावर येऊ नये, यावरून हा शब्द गणितातील न्यायाविषयी नाही, कर्ता आणि श्रोता यांच्यातील संकेताविषयी आहे, हे ध्यानी येते.

यावर एक आक्षेप नेहमी घेतला जातो. जग बुडत असताना न्याय कसला? मृत्यू अवचित येतो, मग खेळातील मृत्यू तसाच का असू नये? हा युक्तिवाद वरकरणी प्रभावी असला तरी तो जीवन आणि कलाकृती यांची गल्लत करतो. भरताने करुणाचा स्थायीभाव शोक मानला, आणि विभावांवाचून रसनिष्पत्ती होत नाही असे सांगितले. विभाव म्हणजे कारण. ते प्रेक्षकासमोर यावे लागते. कारण झाकलेले असेल तर उरतो तो वैताग, आणि वैतागास रसांत स्थान नाही. ‘डेड स्टेट’मधील प्रतिजैविकांचा नियम या दृष्टीने पाहावा. औषध थोडे, लागण झालेले दोघे : कोणास द्यावयाचे, हे खेळाडूने ठरवावयाचे असते. ज्यास ते मिळत नाही त्याचा मृत्यू अवचित नसतो, सुसह्यही नसतो. परंतु तेथे खेळाडूस ‘मी गमावला’ याखेरीज दुसरे वाक्य उच्चारता येत नाही. शाळेतील माणसांविषयीची स्तुती आणि हा नियम यांचा संबंध येथे जुळतो. ज्याचा स्वभाव कळला आहे आणि ज्याच्या मृत्यूचे कर्तेपण आपल्याकडे आहे, त्याच्याविषयीच शोक संभवतो.

तात्पर्य, खेळाडूंचे अभिप्राय समीक्षेस निरुपयोगी आहेत हे मत जितके एकांगी, तितकेच बहुमत म्हणजे निर्णय हेही मत एकांगी होय. अभिप्राय ही साक्ष आहे. तिची उलटतपासणी करणे हे समीक्षकाचे काम. कोणत्या पाठाविषयी बोलले जात आहे, वाक्यात कर्ता कोण आहे, आणि त्यास कर्तेपण देण्याजोगे ज्ञान खेळाने आधी पुरविले होते काय, असे तीन प्रश्न प्रत्येक अभिप्रायास विचारावेत. तिसऱ्याचे उत्तर होकारार्थी असूनही खेळाडू ‘अन्याय’ म्हणत असेल, तर दोष त्याच्या उतावीळपणाचा. नकारार्थी असेल, तर तो एकटा असला तरी त्याचे गाऱ्हाणे ग्राह्य धरले पाहिजे.