दगडावर उमटलेला रस्ता

जुन्या घरांत लाल कापडात बांधून ठेवलेल्या शिळाछापाच्या पोथ्या पुष्कळांनी पाहिल्या असतील. मुंबईत गणपत कृष्णाजींनी १८३१ साली ज्या शिळाछापावर मराठी पंचांग काढले, त्याच शिळाछापाने त्या सुमारास पॅरिसचे रस्ते कागदावर उतरत होते. कृती साधी आहे. गुळगुळीत चुनखडीवर तेलकट खडूने चित्र काढायचे, दगड ओला करायचा आणि शाईचा रूळ फिरवायचा. ओल्या जागी शाई धरत नाही. रेघेवर तेवढी धरते. मधे कोरणारा कारागीर लागत नाही. चित्रकाराचा हात जसा फिरला तसाच छापला जातो, आणि हाताबरोबर त्याचे मनही.

दोन चित्रकार शेजारी ठेवले म्हणजे हे ध्यानात येते. पहिला इंग्रज, टॉमस शॉटर बॉइज. त्याने १८३९ मध्ये पॅरिस आणि इतर काही शहरांच्या देखाव्यांचा संग्रह प्रसिद्ध केला. हाताने रंग न भरता निरनिराळ्या रंगांसाठी निरनिराळे दगड वापरून ही चित्रे छापलेली आहेत. ती इतकी तरल आहेत की जलरंगांचा भास व्हावा. जुन्या वाड्यांवरचे कोवळे ऊन पाहून डोळे निवतात. माणसे मात्र इमारतीची उंची कळावी एवढ्यापुरतीच. रस्ता देखणा आहे. तिथे कुणी राहते, असे वाटत नाही.

दुसरा फ्रेंच, ओनोरे दोमिए. त्याच्या सर्वांत थोर चित्राच्या मथळ्यात रस्त्याचे नाव आहे, पण चित्रात रस्ताच नाही! ‘र्‍यू त्रान्सनोनँ, १५ एप्रिल १८३४’. पॅरिसमध्ये दंगल उसळली होती. बारा नंबरच्या घरातून गोळी आली, असे म्हणून सैनिक आत शिरले आणि त्यांनी रहिवाशांना ठार केले. चित्रात पलंगाशी रात्रीच्या सदऱ्यातला एक माणूस पडला आहे. त्याच्याखाली एक मूल. दोमिएने ना सैनिक काढले, ना आक्रोश. कोपऱ्यातून येणारा उजेड तेवढा आहे. पोलिसांनी तो दगड आणि हाती लागल्या त्या प्रती जप्त केल्या.

पुढच्याच वर्षी कायद्याने राजकीय व्यंगचित्रांचे तोंड बंद केले. मग दोमिए रोजच्या पॅरिसकडे वळला. जवळजवळ चार हजार दगडांवर त्याने काम केले. तेव्हा काही विनोद पुन्हा पुन्हा भेटतात, काही शिळे वाटतात, हे कबूल केले पाहिजे. पण १८५३ मधले एक चित्र पाहा. रुंद रस्त्यांसाठी पॅरिसची जुनी घरे पाडली जात होती. अर्ध्या पाडलेल्या घरातली वरची एक खोली उघडी पडली आहे, आणि रस्त्यात उभा असलेला नवरा बायकोला सांगतो आहे की लग्नानंतरची आपली खोली ती हीच. आपण हसतो, आणि हसता हसता थबकतो.

बॉइजला कमी लेखायचे कारण नाही. गेलेल्या पॅरिसचे रूप त्याने जपले. पण रूप आणि जीव यांत अंतर आहे. त्रान्सनोनँ रस्ता १८५१ मध्ये दुसऱ्या रस्त्यात विलीन झाला. नकाशावरून त्याचे नाव गेले. दोमिएच्या कागदावर मात्र ते आहे, आणि त्या घरातला माणूसही.