८०८चा फोल्डर, आणि त्यातला ‘१०’ म्हणजे किती?

‘दुय्यम डेटाची विश्वासार्हता कशी तपासाल?’ हा प्रश्न कोर्सवर्कच्या पेपरात हमखास येतो, आणि आपण पाठ केलेले पाच मुद्दे उतरवून मोकळे होतो. आज तोच प्रश्न एका वेगळ्या डेटाला विचारून बघू. ही समीक्षा शोधनिबंधाची नाही, ड्रम मशीनच्या आवाजांच्या एका फोल्डरची आहे.

पार्श्वभूमी थोडक्यात. रोलँड या जपानी कंपनीने १९८० साली टीआर-८०८ हे ड्रम मशीन काढलं आणि १९८३ मध्ये त्याचं उत्पादन थांबवलं. त्यात खऱ्या ड्रमचं रेकॉर्डिंग नाही. प्रत्येक आवाज सर्किट त्या क्षणी तयार करतं. मूळ यंत्र आता भयंकर महाग आहे. म्हणून ज्याच्याकडे हार्डवेअर सॅम्पलर आहे (आवाजाचा तुकडा साठवून पॅड दाबला की वाजवणारं यंत्र), तो ८०८च्या फाइल्स शोधत फिरतो. फाइल्स ढिगाने मिळतात, आणि खरी अडचण त्या ढिगाचीच आहे.

बहुतेक पॅकमधली नावं बघा: ‘फॅट किक ०३’, ‘व्हिंटेज हॅट ११’. नॉब कुठे होता? मधे कॉम्प्रेसर होता का? सगळ्या फाइल्स एकाच पातळीवर आणून ठेवल्यात का? काहीच कळत नाही. हजार फाइल्स असल्या तरी हा डेटा नाही, नुसता साठा आहे. लेबल नसलेल्या बाटल्यांचं कपाट तुमच्या लॅबमध्ये चालेल का?

याउलट १९९४ चा एक जुना संच अजूनही फिरतो. एकूण ११६ फाइल्स. नावं रुक्ष आहेत: ‘बीडी२५७५’ वगैरे. पण या रुक्षपणातच सगळी माहिती आहे. बीडी म्हणजे बेस ड्रम, पुढचे दोन अंक ‘टोन’ नॉबचे, शेवटचे दोन ‘डिके’ नॉबचे, म्हणजे आवाज किती वेळ घुमत राहील त्याचे. दोन नॉब, प्रत्येकाच्या पाच जागा, म्हणून २५ फाइल्स. स्नेअरच्या २५, सिंबलच्या २५. तीन टॉम आणि तीन काँगा प्रत्येकी पाच, म्हणजे ३०. उघड्या हाय-हॅटच्या पाच. ज्यांना पातळीखेरीज (लेव्हल) दुसरा नॉबच नाही, असे आवाज सहा, त्यांची एकेक फाइल. करा बेरीज: ११६. गणित जुळतं. म्हणजे कुणीतरी यंत्रासमोर बसून एक चल स्थिर ठेवत दुसरं बदलत गेलंय. याला आपण प्रयोगाची मांडणी म्हणतो.

एक खाच मात्र आहे. नॉबच्या जागा ०, २.५, ५, ७.५ आणि १० अशा समान अंतरावर, आणि फाइलच्या नावात त्या ००, २५, ५०, ७५, १० अशा येतात. म्हणजे ‘२५’ हे अडीच, पण ‘१०’ हे एक नव्हे, पूर्ण दहा! फोल्डर नावाप्रमाणे लावला की हा दहा शून्याच्या शेजारी जाऊन बसतो. नुसती यादी पाहून काम करणारा शेवटच्या फाइलला सगळ्यात लांब घुमणारा आवाज समजतो. उघड्या हाय-हॅटच्या पाचही फाइल्स ओळीने ऐका, लगेच कळेल.

आता संचाची मर्यादा, आणि इथे मी जरा कडक बोलणार आहे. हे एकाच यंत्राचं मोजमाप आहे. सुट्या भागांत थोडाफार फरक असतोच, त्यामुळे दोन ८०८ अगदी सारखे वाजत नाहीत. एन बरोबर एक! पण त्याहून मोठी गोष्ट म्हणजे फाइलला आठवण नसते. बेस ड्रमचं सर्किट साधारण ५० हर्ट्झला घुमतं, म्हणजे एक आवर्तन २० मिलिसेकंदांचं. १२० बीपीएमच्या तालात सोळाव्या भागाचे ठोके १२५ मिलिसेकंदांवर पडतात, म्हणजे सव्वासहा आवर्तनांनी. डिके लांब ठेवला असेल तर पहिला ठोका विरायच्या आत दुसरा त्याच घुमण्यावर आदळतो, आणि त्याचं रूप आधीच्या कंपनावर ठरतं. सॅम्पलर मात्र दर वेळी तोच ठोका पहिल्यापासून वाजवतो. नॉबच्या २५ जागा नोंदवूनही हा गुण हाती लागत नाही.

‘मग रेकॉर्डवरूनच कापून घेऊ’ असं कुणी म्हणेल. चरणजित सिंग यांच्या १९८२ च्या ‘सिंथेसायझिंग: टेन रागाज टू अ डिस्को बीट’ या मुंबईच्या रेकॉर्डवर हेच ८०८ वाजतं. पण तिथला ठोका कापलात तर सोबत टीबी-३०३चा बेस, मिक्सिंग आणि तबकडीची खरखरही येते. मजा म्हणून जरूर करा, फक्त त्याला ८०८चा नमुना म्हणू नका.

सॅम्पलर स्वतःही निरपेक्ष नसतो, हे विसरू नका. ई-म्यूचा एसपी-१२०० (१९८७) १२ बिटचा, दर सेकंदाला सुमारे २६,०४० नमुने घेणारा. नायक्विस्टचा नियम आठवा: १३ किलोहर्ट्झच्या वरचं त्यात धड टिकत नाही. एकूण जागा दहा सेकंदांची, त्यात लांब डिकेचा एकेक बेस ड्रम सेकंदाहून जास्त खातो. म्हणून आधी ठरवा, तुम्हाला यंत्राचा आवाज हवाय की यंत्र अधिक सॅम्पलर असा? दोन्ही योग्यच आहेत, पण प्रश्न दोन आहेत. (तुलनेसाठी, टीआर-९०९चे हाय-हॅट आणि सिंबल मुळातच ६ बिटचे सॅम्पल आहेत. तिथे ‘मूळ’ कशाला म्हणायचं, हा वाद वेगळाच.)

तर माझं मत: पॅडवर भरायला हा जुना संच घ्या. बेस ड्रमच्या पंचवीसही फाइल्स भरू नका, एका टोनच्या पाच डिके पुरतात. उघडा आणि बंद हाय-हॅट एकाच म्यूट ग्रुपमध्ये टाका, कारण मूळ यंत्रात बंद हॅट उघड्याला तोडतो. बंद हॅटची फाइल एकच आहे, ती सलग वाजली की शिवणयंत्रासारखी टकटक होते. मूळ यंत्रात सहा ऑसिलेटर अखंड चालू असतात, त्यामुळे प्रत्येक ठोका त्यांना वेगळ्या जागी पकडतो. उघड्या हॅटच्या पाचही फाइल्स त्याच ऑसिलेटरमधून, पण वेगवेगळ्या क्षणी आल्या आहेत. सॅम्पलरमध्ये त्या पाचांचा डिके आखूड करा आणि आळीपाळीने वाजवा. बंद हॅटचे पाच जवळपासचे पर्याय मिळतात.