'देवाचा दरबार' आणि आमचा दाखला

लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे' १९३४ पासून भागाभागाने प्रसिद्ध झाली. मराठी समीक्षकांनी तिच्यातील विनोद, प्रांजळपणा आणि घरगुती भाषा यांचे भरपूर कौतुक केले. ते रास्तच आहे. पण मी हे पुस्तक वाचतो तेव्हा माझी नजर दुसऱ्याच माणसांना शोधू लागते. माझा आजा नगर जिल्ह्यातला महार. मिशनच्या शाळेमुळे त्याला अक्षरओळख झाली आणि पुढे तो ख्रिस्ती झाला. टिळक ज्या अमेरिकन मराठी मिशनमध्ये होते, त्याच्या नगरकडील मंडळ्यांत बहुतेक माणसे महार-मांगांतूनच आलेली होती. प्रस्थापित समीक्षेने मात्र 'स्मृतिचित्रे'त एका ब्राह्मण घरातील धर्मांतराचे नाट्य तेवढे पाहिले. चर्चच्या बाकांवर बसलेल्या आमच्या माणसांविषयी तिला प्रश्नच पडला नाही.

नारायण वामन टिळक १८९५ मध्ये ख्रिस्ती झाले. १९१७ मध्ये त्यांनी मिशनची नोकरी आणि पगार सोडला व 'देवाचा दरबार' उभा केला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोघांनाही त्यात जागा होती. ख्रिस्त हवा, पण परदेशी मिशनची सत्ता नको, ही त्यांची भूमिका. पुढे दोनच वर्षांनी ते वारले. त्यांच्या धैर्याबद्दल मला आदर आहे. टिळक जातिभेदाचे विरोधक होते, याविषयीही वाद नाही. परंतु चर्च सोडताना त्यांचे भांडण मुख्यतः मिशनच्या अधिकाराशी होते, बाकांवर शिल्लक राहिलेल्या जातीशी नव्हते, असे माझे मत आहे. या बाबतीत मला लक्ष्मीबाई अधिक जवळच्या वाटतात. नवरा ख्रिस्ती झाला तरी आपले सोवळे सुटत नव्हते, हे त्या स्वतःच सांगतात. स्वतःची जात त्या लपवीत नाहीत आणि ती कशी गळून पडली तेही सांगतात. ढोंगाला उतारा मिळतो तो अशा कबुलीतून.

जोतीराव फुले याही पुढे गेले होते. मिशनरी शाळेत शिकलेला हा माणूस ख्रिस्ताविषयी आदराने बोलतो, पण ख्रिस्ती होत नाही. निर्मिक आणि माणूस यांच्यामध्ये त्यांनी मध्यस्थच ठेवला नाही. १८७३ मध्ये सत्यशोधक समाज स्थापून त्यांनी भटाशिवाय लग्ने लावली. 'सार्वजनिक सत्यधर्म पुस्तक' त्यांच्या मृत्यूनंतर, १८९१ मध्ये निघाले. त्यात एकाच घरातील बायको बौद्ध, नवरा ख्रिस्ती, मुलगी मुसलमान आणि मुलगा सत्यधर्मी होऊन सारे प्रेमाने राहू शकतात, अशी कल्पना आहे. श्रद्धा ज्याची त्याची, पण वागणूक मात्र सर्वांना एकच, असा हा विचार आहे.

आता आमच्याकडे पाहू. आमच्या गावच्या चर्चमध्ये महार ख्रिस्ती एका बाजूला आणि मांग ख्रिस्ती दुसऱ्या बाजूला बसत. प्रभुभोजन एकाच प्याल्यातून, पण सोयरीक कधीच नाही. माझ्या आत्याने मांग ख्रिस्ती सून नाकारली आणि आमच्या घरातील एकही माणूस तिच्या विरोधात बोलला नाही. मीही बोललो नाही. तेव्हा ढोंग केवळ पाद्र्याच्या झग्यात असते, असे म्हणून मला सुटता येत नाही. तमिळनाडूत तिरुचिरापल्लीच्या ख्रिस्ती दफनभूमीत दलितांची प्रेते भिंत घालून वेगळी ठेवली गेली. जात मेल्यावरही सोडीत नाही, याचा याहून उघड पुरावा कोणता?

पण आमच्या ढोंगाला आणखी एक बाजू आहे. माझ्या बापाने शाळेत माझे नाव 'हिंदू महार' म्हणून घातले. घरात बायबल, दाखल्यावर हिंदू. कारण १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातीचा दर्जा हिंदूंपुरता ठेवला. १९५६ मध्ये शीख आणि १९९० मध्ये बौद्ध त्यात आले. ख्रिस्ती आणि मुसलमान दलित आजही बाहेर आहेत. धर्माची ही अट काढावी, अशी शिफारस रंगनाथ मिश्र आयोगाने २००७ मध्ये केली. अट तशीच आहे. १९८५ मध्ये सर्वोच्च न्यायालयापुढे मद्रासच्या फुटपाथवर बसणाऱ्या एका ख्रिस्ती चांभाराचे प्रकरण आले. नव्या धर्मातही तुमची अवस्था तितकीच वाईट आहे हे दाखवा, असे न्यायालयाचे म्हणणे पडले. २०२४ मध्ये चर्चला जाणाऱ्या एका स्त्रीने नोकरीसाठी स्वतःला हिंदू म्हटले, तेव्हा ती संविधानाची फसवणूक ठरली.

यातला पेच वाचकांनी नीट पाहावा. चर्चने म्हणायचे, आमच्यात जात नाही. न्यायालयाने म्हणायचे, जात आहे हे सिद्ध करा. म्हणजे चर्चचे ढोंग त्याच्याच दलितांविरुद्ध पुरावा म्हणून उभे राहते! टिळकांनी श्रद्धा चर्चबाहेर नेली ती स्वेच्छेने. माझ्या बापाने ती चर्चबाहेर, कागदाबाहेर ठेवली ती माझ्या फीसाठी. दोघांना एकाच तराजूत घालून माझ्या बापाला ढोंगी म्हणणे मला मान्य नाही.

माझे चुलते १९५६ मध्ये बौद्ध झाले. केंद्राच्या सवलतींसाठी त्यांना चौतीस वर्षे थांबावे लागले. त्यांनी उघडपणे नाव बदलले आणि किंमत मोजली. 'तुम्ही रविवारी ख्रिस्ती, सोमवारी हिंदू,' असे ते आम्हाला हिणवत. त्यांचा तो अधिकार मी मानतो. पण हा टोमणा आमच्या दलित साहित्यातही शिरला आणि दोन नावांनी जगणारा माणूस आमच्या कथा-कवितांच्या वेशीबाहेरच राहिला. वेशीबाहेर ठेवणे म्हणजे काय, हे आपल्याला कोणी शिकवायला हवे काय?

मी आता चर्चमध्ये जात नाही. ख्रिस्त मानतो. हे सांगताना मला मोठेपणा वाटत नाही, कारण चर्चच्या बाहेर पडून जात बाहेर पडत नाही. आत्याच्या घरी मी गप्प बसलो त्या दिवशी मी चर्चमध्ये नव्हतो, ओसरीवर होतो. श्रद्धा कुठे ठेवली हा दुय्यम प्रश्न आहे. मांगाची लेक घरात घेतली का, हा पहिला.